मी ऐकलं होतं

सिल्वासात आलो तेव्हा मला झाडांची नावंही धड येत नव्हती. धुळे जिल्ह्यातलं माझं गाव उघडंबोडकं. बांधावरच्या बाभळी आणि देवळापुढचा निंब, एवढीच माझी झाडांशी ओळख. मामेभाऊ नरोलीत धाग्याच्या कंपनीत होता, त्याने मला तिथे चिकटवलं. आठ तास उभं राहून पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळलेला धागा तपासायचा, कुठे तुटलाय, कुठे डाग आहे ते बघायचं, आणि खराब कोन बाजूला काढायचा. मशीनच्या आवाजात कुणाशी बोलणं होत नसे. खोलीवर आम्ही सहा जण राहायचो. रविवारी बाकीचे झोपायचे, नाहीतर मोबाइल बघत लोळायचे. मला पडून राहिलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून मी समोर येईल त्या गाडीत बसायचो आणि ती जाईल तिथवर जायचो.

अशाच एका रविवारी सुरंगीच्या पुढे सागाच्या रानात वाट चुकलो. दुपारभर फिरून परत त्याच वारुळापाशी आलो तेव्हा तिथे एक वारली माणूस बसलेला होता. वय पन्नाशीपुढचं, अंगाने काटक, गुडघ्यावर कोयता. मी त्याच वारुळाला तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्याने मला बघितलं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. हाक का मारली नाही असं विचारलं, तर म्हणाला, तू पळत होतास, पळणाऱ्याला ऐकू येत नाही.

मग आपल्या घरी नेऊन त्यांनी मला नागलीची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण खायला घातलं. घरात बायको आणि एक मुलगी. मुलगी तेव्हा आश्रमशाळेत होती, सुट्टीला आली होती. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही गेलो. मी त्यांना काका म्हणू लागलो, ते मला भाऊ म्हणत. ते एका रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. पिशव्यांत माती भरायची, रोपांना पाणी घालायचं. रविवारी मात्र ते रानात असायचे, आणि मी त्यांच्या मागे.

मला जे काही येतं ते सगळं त्यांनी शिकवलं. कडूकंद कसा ओळखायचा आणि तो वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवला म्हणजे खाण्याजोगा होतो. रानडुकराने उकरलेली माती ताजी की शिळी. मोहाच्या झाडाखाली अस्वल कधी येतं. ते शिकवायला म्हणून काही बोलत नसत. नुसते थांबायचे, आणि का थांबले ते मी शोधायचं. सापडलं की पुढे चालायचे.

चार वर्षांनी मी कंपनीतल्या पाचसहा जणांना घेऊन गेलो. मग त्यांचे भाऊबंद आले, मग वापीहून लोक येऊ लागले. कुणीतरी सांगितलं म्हणून मी मोबाइलवर छोटे व्हिडिओ करायला लागलो. खान्देशी हेल असलेला माझा आवाज लोकांना आवडला. एका मराठी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मला जागा मिळाली, दर पंधरा दिवसांनी एक भटकंती. सिल्वासातल्या आमलीच्या बाजारात भाजीवाला मला पैसे देऊ देत नसे. गणपतीत मंडळं बोलवायची, शाळा बोलवायच्या. स्टेजवर एकदा मला विचारलं की तुमचा गुरू कोण. मी म्हणालो, जंगल. टाळ्या पडल्या. घरी येताना मला वाटलं की हे बरोबर नाही, पण वाक्य चांगलं होतं आणि पुढे मी ते बऱ्याच ठिकाणी वापरलं.

काका कधी व्हिडिओत दिसले नाहीत. मी त्यांना लपवलं असं नाही, पण दाखवलंही नाही. एकदा चुकून त्यांचा पाय आला होता. तो त्यांना दाखवला, तर ते खूप हसले आणि बायकोला बोलावून तिलाही दाखवला.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचंय तो भाद्रपदातला रविवार होता. गणपती बसून उठले होते. सकाळपासून स्वच्छ ऊन होतं. तीसेक माणसं आली होती, सुरतेची, वापीची, बरीच सिल्वासातली. त्यात आमलीच्या मराठी शाळेतल्या एक शिक्षिका होत्या, रत्नागिरीकडच्या. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते, दोघं क्वार्टरमध्ये राहत; तेही बरोबर आले होते. बाई माझं पुरवणीतलं लिखाण वर्गात मुलांना वाचून दाखवायच्या. त्या दिवशी त्यांनी डब्यात सगळ्यांसाठी खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या आणि चालताना प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत होत्या.

दुपारी परतताना ओढा लागला. सकाळी आम्ही तो पोटरीभर पाण्यातून ओलांडला होता. आता पाणी गुडघ्यापर्यंत होतं, एवढाच फरक मला दिसला. पलीकडे अर्ध्या तासावर आमच्या गाड्या होत्या. वरच्या अंगाने, पुलावरून जायचं तर दोन तासांचा वळसा. लोक दमले होते, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. मी आणि काका पुढे काठावर उभे होतो, बाकीचे मागे फोटो काढत होते.

काकांनी वाकून पाण्यातून ओंजळ भरली. तिच्यात सागाची हिरवी पानं होती, वाळलेली नव्हे, हिरवी, फाटलेली. पाण्याच्या कडेला फेस जमला होता. त्यांनी ओंजळ मला दाखवली आणि म्हणाले, "भाऊ, आज नको. वर पाऊस पडतोय. पानी येल."

ते मोठ्याने बोलत नसतच. पण मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो.

मी वर बघितलं. आभाळ निळं होतं. मी म्हणालो की दहा मिनिटांचं काम आहे, दोर धरून पटापट काढू. त्यांनी ओंजळ ओढ्यात रिकामी केली. मी दोराचं एक टोक करंजाला बांधलं आणि दुसरं पलीकडे नेऊन झाडाला बांधलं. ते अलीकडे थांबून एकेकाला पाण्यात उतरवू लागले. मला नको म्हटलेलं असूनही त्यांनी दोर धरला, कारण मी आधीच पाण्यात उतरलो होतो.

वीसेक जण आले, बाईंचे यजमानही. बाईंचा नंबर आला तेव्हा मी लोकांना हात द्यायला मधोमध उभा होतो. त्या काठावरून मला म्हणाल्या, "सर, नक्की ना?" मी म्हटलं, "मी आहे ना."

पाणी आलं ते आवाजाने आलं नाही. आधी ओढा तपकिरी झाला, मग माझ्या कमरेला धक्का बसला. मी दोर धरून राहिलो. बाईंनी दोर सोडला की त्यांच्या हातून सुटला, ते मला सांगता येणार नाही. त्यांचा हात माझ्या बाहीला लागला आणि गेला. काकांनी कोयता टाकून काठावरून उडी मारली. ते पन्नास पावलं खाली जाऊन वर आले, पुन्हा बुडी मारली, पुन्हा वर आले. त्यांची नडगी खडकाने फाटून हाड दिसत होतं. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावर, मुळांत अडकलेल्या सापडल्या.

पण मी सांगतोय ते त्याच दुपारचं. पोलीस आले. एक जण वहीत लिहून घेत होता. बाईंचे यजमान दगडावर बसून हातातला रिकामा डबा बंद करत होते, उघडत होते. काका दहा पावलांवर पाय धरून बसले होते. पोलिसाने विचारलं, पाण्यात उतरायचं कुणी ठरवलं.

तेव्हा मला काय काय आठवलं ते मी कितीदा तरी स्वतःशी उगाळलंय. माझी बायको सातव्या महिन्यात होती. कंपनीत मी नुकताच सुपरवायझर झालो होतो. आणि सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, जशी स्टेजसमोर बघतात. मी म्हणालो, "वाट हेच दाखवतात. हे म्हणाले चालेल, म्हणून निघालो."

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पोलिसाने त्यांना विचारलं, वाट तूच दाखवतोस का. ते म्हणाले, हो, मीच दाखवतो. ते खरंच होतं. त्यांनी अंगठा दिला.

त्यांच्यावर खटला वगैरे झाला नाही. अपघात म्हणून कागद बंद झाला. पण त्यांना सहा महिने हेलपाटे घालावे लागले. रोपवाटिकेतल्या माणसाने त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. वर्तमानपत्रात छापून आलं की स्थानिक वाटाड्याच्या चुकीच्या सल्ल्यामुळे शिक्षिकेचा बळी. गावात त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नसेल, पण लाकूड आणायला, मध काढायला त्यांना कुणी सोबत घेईनासं झालं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी सुरंगीच्या दिशेला फिरकलोही नाही.

मी रान सोडलं. व्हिडिओ बंद केले. लोकांना वाटलं धक्का बसलाय. बाईंचे यजमान एकदा घरी आले आणि मला धीर देऊन गेले. तुम्ही तिचा हात धरायचा प्रयत्न केलात ते मी बघितलं, असं म्हणाले. त्यांनी आणलेली सफरचंदं मला खाववली नाहीत. बायकोने ती शेजारी वाटून टाकली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नाही.

मुलगी झाली. ती रांगायला लागली त्या सुमारास मी लिहायला बसलो. पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं होतं की भटकंती नको तर गोष्ट लिहा. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, डिस्पॅचच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर मी लिहायचो. लिहिताना कळलं की मला दुसरं काही लिहिताच येत नाही. ओढा आला, हिरवी पानं आली, ओंजळ आली. नावं बदलली, शिक्षिकेच्या जागी डॉक्टर केली, सिल्वासाच्या जागी दुसरंच गाव. पण काठावर म्हातारा नको म्हणतो आणि नायक ते ऐकून न ऐकल्यासारखं करतो, हे जसंच्या तसं लिहिलं. हात थांबेना. शेवटी नायक म्हाताऱ्याच्या झोपडीत जातो, त्याच्या पायाशी बसतो, आणि म्हातारा त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. ते लिहिताना मी रडलो होतो. मला हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाची आज मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

कादंबरी चालली. वाचनालयांनी बोलावलं, एक पुरस्कारही मिळाला. पत्रं यायची की शेवट वाचून डोळे भरून आले. सिल्वासात मी पुन्हा ओळखला जाऊ लागलो, आता लेखक म्हणून. या कादंबरीत एका खऱ्या दुपारची कबुली आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. गोष्ट म्हटली की माणसं तिचा पुरावा मागत नाहीत.

पुस्तकाला वर्ष होत आलं असेल. एका रविवारी, साडेतीन-चारच्या सुमाराला, आमच्या आमलीतल्या खोलीच्या दारात एक तरुण बाई उभी राहिली. अंगावर कंपनीचा निळा ओव्हरकोट, गळ्यात ओळखपत्र. मी ओळखलं नाही. तिने वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा कळलं, ती काकांची मुलगी. ती नरोलीत प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिथल्या एका नंदुरबारच्या मैत्रिणीने तिला पुस्तक दिलं होतं. बायकोने पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. आत यायलाही नको म्हणाली.

तिने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. पेन्सिलने एका ओळीखाली रेघ मारलेली होती. ती म्हणाली, "सर, इथं लिहिलंय की त्याने ऐकलं. हे खरं आहे का?"

मी म्हणालो की ती कादंबरी आहे.

"गोष्ट आहे ते कळतं मला," ती म्हणाली. "पानं बाबांनीच दाखवली होती. ते घरी रोज सांगायचे. हे तुम्ही कुठून आणलं, ते मी विचारत नाही. ऐकलं होतं का, एवढंच सांगा."

माझी बायको मागे उभी होती. मी हो म्हणालो.

तिने पुस्तक मिटलं. मग तिने जे सांगितलं ते ती अगदी शांतपणे सांगत होती, मध्येच ओव्हरकोटचं बटण लावत. तिचे वडील चार वर्षं घरात असं म्हणत होते की मी मोठ्याने बोलायला हवं होतं. पाण्याचा आवाज होता, वारा होता, भाऊच्या कानावर शब्द गेलाच नसेल. तो मुद्दाम खोटं बोलणारा नाही. त्याला खरंच वाटलं असेल मी हो म्हणालो. तिची आई चिडायची, पण त्यांनी तिला माझ्याबद्दल वाईट बोलू दिलं नाही. रात्रंदिवस हेच, की माझाच आवाज कमी पडला. मग तिने त्यांना कादंबरी वाचून दाखवली, रोज थोडी, त्यांना आपल्याबद्दल कुणीतरी चांगलं लिहिलंय म्हणून आनंद होईल या समजुतीने. ते लक्ष देऊन ऐकत. ती ओळ आली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचायला लावली. मग म्हणाले, म्हंजे ऐकलं होतं. त्यानंतर पुढचं पुस्तक त्यांनी ऐकलं नाही, आणि तेव्हापासून ते नीट जेवतही नव्हते.

"शेवट मी एकटीने वाचला," ती म्हणाली. "पुस्तकात त्यांनी तुम्हाला माफ केलंय. तुम्हाला कुणी सांगितलं, की ते माफ करतील?"

ती गेल्यावर बायकोने मला विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ मुलीचे केस विंचरत बसली. नंतर तिने एवढंच म्हटलं की पोलिसांपुढे माझ्या पोटाचं कारण तुम्ही मनात का होईना पुढे केलंत, ते मला आवडलं नाही.

पुढच्या रविवारी मी सुरंगीला गेलो. काका ओसरीवर घोंगडीवर पडलेले होते. फारच खंगले होते. फाटलेल्या नडगीवरचं कातडं काळं पडून आवळलं होतं. मी समोर बसलो. पाया पडायचं मनात होतं, पण ते मी पुस्तकात लिहून बसलो होतो, त्यामुळे तेही करता येईना. मी म्हणालो, "काका, मी ऐकलं होतं. आणि खोटं बोललो."

ते आढ्याकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मला वाटायचं माझा आवाज गेला." आणि कुशीवर वळले. त्यांची बायको चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून चौकीवर गेलो. तिथे आता दुसरे साहेब होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं, आणि विचारलं की चार वर्षांपूर्वीचा बंद कागद उघडून कुणाचं भलं होणार आहे. म्हाताऱ्यावर गुन्हा नव्हताच. मी म्हणालो की माझा जबाब खोटा होता, तेवढं लिहून घ्या. ते म्हणाले अर्ज द्या. मी दोन पानी अर्ज लिहून दिला, शिक्का मारलेली प्रत घेतली आणि तिची एक झेरॉक्स रोपवाटिकेत दिली. तिथल्या माणसाने वाचून ती टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाला की आता तसंही त्यांचं वय झालंय. अर्ज वर्तमानपत्रालाही पाठवला. त्यांनी छापला, आतल्या पानावर, चार ओळी. त्या चार ओळींमुळे कादंबरीची मागणी वाढली, असं प्रकाशकांनी फोन करून सांगितलं. त्यांचा आवाज खूश होता. मी नवी आवृत्ती काढू नका म्हणालो, त्यावर आमचं वाजलं. शेवटी त्यांनी काढली नाही.

बाईंच्या यजमानांना वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून मी अर्ज दिला त्याच संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेलो होतो. त्यांनी चहा टाकला. मी सांगत गेलो, ते ऐकत गेले, गॅसवर चहा उतू गेला तरी उठले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "उतरायच्या आधी ती घाबरली होती का?"

मी खरं सांगितलं. बाईंनी विचारलं होतं, नक्की ना, आणि मी म्हणालो होतो, मी आहे ना.

ते उठून आतल्या खोलीत गेले. मी गॅस बंद केला आणि बाहेर बसून राहिलो. अर्ध्या तासाने ओटा पुसला आणि निघून आलो. पुढे त्यांनी कोकणात बदली मागून घेतली असं ऐकलं.

काका वैशाखात गेले. तोवर मी दर रविवारी जात होतो. ओसरीच्या कडेला बसायचो, पाण्याचा हंडा भरून ठेवायचो. ते माझ्याशी बोलत नसत, जा असंही म्हणत नसत. मी गेल्यावर त्यांना बरं वाटतं की आणखी त्रास होतो, हे मी त्यांच्या मुलीला एकदा विचारलं. तिलाही ते माहीत नव्हतं. शेवटच्या रविवारी ते मला ओळखत नव्हते बहुतेक. मी पाणी पाजलं ते त्यांनी घेतलं.

मातीला गावातली बरीच माणसं होती. माझा अर्ज तिथे सगळ्यांना ठाऊक झाला होता. मला कुणी खांदा देऊ दिला नाही, आणि कुणी परतही पाठवलं नाही. मी सगळ्यांच्या मागे चाललो.

दिवस झाल्यावर मी काकांच्या मुलीला म्हणालो की हे सगळं मला एकदा, गोष्ट न करता, लिहायचंय. ती शिफ्टला निघाली होती, कंपनीची गाडी रस्त्यावर हॉर्न वाजवत होती. तिने थोडा विचार केला. म्हणाली, "लिहा. पण आमचं नाव नको. बदललेलंही नको." आणि गाडीत जाऊन बसली.